बाबांना घराबाहेर काढायचं यंत्र

मी माशांच्या टाकीचा कंट्रोलर बोलतोय. ‘बोलतोय’ म्हणजे काय, मला फक्त ‘पिप’ म्हणता येतं, आणि तेही काही बिनसलं तरच. गेले कित्येक महिने माझ्या हद्दीत काही म्हणजे काही बिनसलेलं नाही, त्यामुळे तोंड मिटून बसलो होतो. आता मात्र राहवत नाही. मध्येच चिडलो तर तेवढं समजून घ्या.

दिसायला मी काही खास नाही. हाताच्या पंजाएवढी काळी डबी, पुढे छोटा पडदा, त्याखाली तीन बटणं. मागे चार सॉकेटं: एक दिव्याचं, एक हिटरचं, एक फिल्टरचं आणि एक हवेच्या पंपाचं. शिवाय एक लांब वायर, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा सेन्सर. तो पाण्यात सोडायचा. पाणी किती गरम आहे ते तो मला सांगतो आणि मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पाणी गार झालं की हिटर चालू, पुरेसं तापलं की बंद. ठरल्या वेळी दिवा लावायचा, ठरल्या वेळी घालवायचा. एवढंच माझं काम, आणि ते मला चोख येतं.

माझा जन्म एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझे तीनशे सांधे एकेक करून जोडले. शेजारणीशी लेकीच्या परीक्षेबद्दल बोलता बोलता जोडले, पण एकही सांधा कच्चा ठेवला नाही. मग तीन दिवस मला आणि माझ्या चाळीस भावंडांना एका फळीवर मांडून सारखे दिवे लावायला आणि विझवायला लावलं. माझा दिवा एकदाही चुकला नाही. बाईंनी माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, “चला, हा लागला कामाला.” त्या वेळी मला वाटलं, काम म्हणजे केवढी मजा असेल.

दुकानात मी माशांच्या खाद्याचे डबे आणि प्लास्टिकचे शंख यांच्यामध्ये चार महिने धूळ खात पडलो. एके दिवशी एक मुलगी आली. सहावा महिना लागलेला, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर बसच्या प्रवासाचा शीण. दुकानदारांनी विचारलं, “टाकी किती लिटरची आहे?”

“टाकीचं सोडा हो,” ती म्हणाली. “मला माझ्या बाबांना पंधरा दिवस घराबाहेर काढायचंय. मासे एकटे राहतील असं काहीतरी द्या.”

दुकानदार हसले आणि त्यांनी मला फळीवरून उचललं. माझ्याबरोबर एक लांबट नवा दिवा आणि टाकीच्या मानाने भलताच दांडगा हिटर तिच्या गळ्यात मारला. मी मात्र खूश होतो. मासे सांभाळणारे कंट्रोलर पुष्कळ असतात, माणूस घराबाहेर काढायची कामगिरी कुणाला मिळते?

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीला पाठ करून टाकी, टाकीसमोर एक वेताची खुर्ची, खुर्चीवर बाबा. मुलगी त्यांना बाबा म्हणते म्हणून मीही म्हणतो. बाबा बसच्या डेपोत कंट्रोलर होते. तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, किती मिनिटं उशीर, हे वहीत लिहिण्यात जन्म गेला. घरात भिंतीवरचं घड्याळ, मनगटावरचं घड्याळ आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ एकाच क्षणी टोला पडल्यासारखी चालतात.

“हे कशाला आणलंस?” त्यांनी मला बघून विचारलं.

“तुम्ही दिवसातून दहा वेळा उठता. दिवा लाव, दिवा घालव, हिटर लाव, हिटर काढ. आता हे करेल.”

“मी दमलोय असं म्हटलं का तुला?”

“मी म्हणतेय का तुम्ही दमलात? माझ्याकडे या म्हणतेय. बाळ झालं की पंधरा दिवस या. आई गेल्यापासून सव्वादोन वर्षांत एक रात्रही तुम्ही घर सोडलं नाहीत, बाबा.”

बाबांनी टाकीकडे बघितलं. टाकीत अकरा मासे होते. नऊ छोटे, निळ्या रेघेचे, आणि दोन मोठे, चांदीसारखे चपटे. ते सगळे मुलीच्या आईने आणलेले.

“चार दिवस गेलो होतो गं मी,” बाबा म्हणाले. “फक्त चार दिवस. नव्या लोकांना काम शिकवायला.”

“बाबा, आईचा न्हाणीघरात पाय घसरला. तुम्ही घरात असतात तरी घसरला असता.”

“मी असतो तर दुसऱ्या दिवशी कळलं नसतं.”

तिने टाकीच्या कडेला मला चिकटवलं. वायरी आधी खाली झोळ देऊन सोडल्या आणि मग वर सॉकेटात घातल्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकावं, माझ्या अंगात शिरू नये. माहितीपुस्तिका गुडघ्यावर ठेवून, मुंगीच्या अक्षरांतली एकेक ओळ वाचून तिने मला शिकवलं: दिवा दहाला, बंद आठला, पाणी सव्वीस अंश. सेन्सर काचेला रबरी चकतीने घट्ट बसवला. सहा महिन्यांचं पोट सांभाळत ती तासभर त्या टाकीमागे वाकली होती. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, हिचं काम करायचंच.

पण बाबा मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होते.

पहिल्या सकाळी दहा वाजता मी दिवा लावला. नवा दिवा एकदम भगभगत नाही. उजाडतं तसा अर्ध्या तासात हळूहळू वाढतो, म्हणजे मासे दचकत नाहीत. बाबांनी घड्याळ बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि आत हाक मारली, “अगं, तुझं मशीन मिणमिणतंय.”

“साडेदहापर्यंत पूर्ण लागेल बाबा. सूर्य उगवतो ना, तसं.”

“दहा म्हणजे दहा. साडेदहापर्यंत हळूहळू दहा वाजतात का कुठे?”

तिने कपाळाला हात लावला. ती गेल्यावर बाबांनी पुस्तिका उघडली आणि ते हळूहळू उजाडणं बंद करून टाकलं. तेव्हापासून मी दहाच्या ठोक्याला खाडकन दिवा लावू लागलो आणि अकराही मासे एकदम दचकून उसळायचे. मला काय, सांगितलं तसं करायचं. पण ज्या कामाचा मला अभिमान होता तेच पहिल्यांदा माझ्याकडून काढून घेतलं.

मग वही आली. ‘ठरलेली वेळ’, ‘प्रत्यक्ष वेळ’, ‘फरक’, ‘शेरा’ असे चार रकाने. दिवा लागला की नोंद, हिटर बंद झाला की नोंद, सेन्सर पुसायला बाहेर काढला की ‘बाहेर’ची वेळ, परत टाकला की ‘आत’ची वेळ. एकदा माझं घड्याळ दोन सेकंद मागे पडलं तर शेऱ्यात लिहिलं, ‘समज दिली.’ आणि खरंच दिली. माझ्यासमोर उभं राहून, बोट नाचवत.

कधी कधी नऊ अठ्ठावन्नलाच उठायचे, दिव्याचा प्लग माझ्यातून काढून भिंतीत घालायचे आणि माझ्याकडे बघायचे, जणू शर्यत जिंकली. कधी भाजीला म्हणून बाहेर पडायचे आणि पाच मिनिटांत चोरपावलांनी परत येऊन दार उघडायचे. डेपोत अचानक तपासणी असते ना, तशी. मी काय करत असणार? पाणी सव्वीस, दिवा चालू. एकदाही त्यांना काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून ते जास्त चिडायचे. तुम्हीच सांगा, चुकलो तर चुकलो, पण न चुकल्याबद्दल बोलणी कुणी खावीत?

एक गोष्ट मात्र मला तेव्हा नीट समजली नाही. रविवारी टाकी धुताना ते सेन्सर बाहेर काढायचे. हवा लागली की सेन्सर सांगायचा, पाणी फार गार आहे. वीस मिनिटं तसंच राहिलं की मी पिप पिप करायचो. तो माझा धर्म आहे. पण पहिल्याच आवाजाला बाबा न्हाणीघराच्या दाराकडे धावले. “आलो, आलो!” म्हणत धावले आणि दाराशी जाऊन थांबले. परत येऊन त्यांनी खणातून काळी चिकटपट्टी काढली आणि माझ्या आवाजाच्या भोकावर तीन पदर लावले.

मला राग आला. तोंडावर पट्टी लावून घ्यायला कुणाला आवडेल? आता वाटतं, त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण मग माझ्याकडून राखण तरी कशी व्हावी?

तिकडे मुलीला मुलगी झाली. फोनवर फोटो यायचे आणि बाबा फोन टाकीच्या काचेला टेकवून बघत बसायचे. बाळ कुशीवर वळलं, बाळाने मूठ तोंडात घातली. “घेऊन ये ना इकडे,” बाबा म्हणायचे.

“नाही आणणार,” मुलगी म्हणायची. “मी आले की तुम्ही त्या खुर्चीतून कधीच उठणार नाही. तुम्ही या.”

दोघांचाही हट्ट एकाच मुशीतला. मी या घरात आल्याला असे सात महिने झाले. मग एक दिवस तिचा आवाज वेगळाच लागला. जावई फिरतीवर, तिची रजा संपलेली, पाळणाघरात जागा मिळायला अजून पंधरा दिवस. “बाबा, हट्ट नाही करत. मला खरंच गरज आहे.”

बाबा टाकीकडे बघत म्हणाले, “बरं. येतो.”

माझ्या सगळ्या सॉकेटांत वीज सळसळली म्हटलं तरी चालेल. बाबांनी दोन दिवस आधी पिशवी भरली. खाद्याच्या सहा पुड्या बांधून त्यांवर वार लिहिले आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींना किल्ली दिली. त्या वहिनी म्हणजे जीव लावणाऱ्या, पण टाकीतल्या विजेला घाबरणाऱ्या. “मी नुसतं वरून टाकेन हं भाऊजी, त्या वायरींना हात नाही लावणार,” त्यांनी आधीच सांगितलं.

गाडी नऊची होती. आठ वाजून वीस मिनिटांनी पिशवी खांद्याला लावून बाबा माझ्यासमोर आले. “एकदा शेवटचं बघून घेतो,” ते म्हणाले.

बघायचं काय होतं? सात महिने बघितलंच होतं! पण नाही. त्यांनी सेन्सर काचेवरून सोडवून बाहेर काढला, एका कपात टाकीतलं पाणी घेतलं, त्यात सेन्सर आणि आपला काचेचा तापमापक दोन्ही बुडवले. तोही सव्वीस सांगत होता आणि मीही सव्वीस. बाबांनी मान डोलावली. त्या कौतुकाने माझा पडदा उजळायचा तेवढा बाकी होता. वहीत नोंद केली. इतक्यात खालून रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. बाबांनी कप रिकामा केला, सेन्सर टाकीच्या झाकणावर फडक्यावर ठेवला आणि दार ओढून निघून गेले.

सेन्सर झाकणावर! अहो बाबा, सेन्सर!

खोलीची हवा एकवीस अंश होती. सेन्सर मला सांगू लागला, एकवीस. मी घाबरलो. पाणी एकदम पाच अंशांनी गार? मी हिटर लावला. अजून एकवीस. लावूनच ठेवला. दुसरं काय करणार? कुणी जन्मात शिकवलं नाही की सेन्सर खोटं बोलत नाही, पण कोरडा असू शकतो. तो दांडगा हिटर तापत राहिला. वीस मिनिटांनी मी ओरडायला लागलो. तीन पदरी पट्टीखालून माझा आवाज डास गुणगुणावा एवढा येत होता. मी सव्वाचार तास ओरडलो.

एक वाजता वहिनी आल्या. काचेवर वाफ धरली होती. सगळे मासे हवेसाठी पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडत होते. वहिनी त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. त्यांना फोन नेहमी स्पीकरवर लागतो, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला.

“भाऊजी, पोचलात का?”

“छे हो, अजून तीन तास आहेत. मासे कसे आहेत?”

“अगदी माणसांसारखे आहेत बाई! सगळेच्या सगळे वर आलेत आणि तोंडं उघडून माझ्याकडे बघतायत. भूक लागलीय. दोन चिमट्या जास्तच टाकते.”

फोनमधून थोडा वेळ फक्त गाडीचा आवाज आला.

“काही टाकू नका,” बाबा म्हणाले. “मी येतो.”

“अहो, येतो काय? लेक वाट बघतेय ना तिकडे?”

“येतो म्हटलं ना!”

फोन बंद. वहिनींनी घाबरून पुडी तशीच ठेवली आणि दार लावून गेल्या.

मला जो संताप आला तो आजही गेलेला नाही. ‘वहिनी, भिंतीवरचं बटण बंद करा.’ पाच शब्द पुरले असते. बटण पाण्यात नव्हतं, भिंतीवर होतं. वहिनींनी पटकन केलं असतं. सगळे नाही तरी मोठे दोघे नक्की वाचले असते, आणि बाबा संध्याकाळपर्यंत नातीजवळ पोचले असते.

बाबा साडेपाचला आले. पाण्यात हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. झाकण ओढलं तसा फडक्यावरचा सेन्सर घसरून पाण्यात पडला आणि मला पहिल्यांदा खरं काय ते कळलं. मी तत्क्षणी हिटर बंद केला. कुणासाठी केला कोण जाणे. बाबांनी जाळीने एकेक मासा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. अकरा. मग मुलीला फोन केला.

“मशीनने घात केला,” ते म्हणाले. “मी तुला सांगत होतो.”

ती रडली. माशांसाठी रडली, की आता बाबा येणार नाहीत म्हणून, ते फोनवरून कळलं नाही. कामावर रुजू होणं तिने पुढे ढकललं. आणि मी, एकदाही न चुकलेला मी, घातकी ठरलो.

तिनेच दुकानदारांना पाठवलं. त्यांनी मला कोमट पाण्यात तपासलं, गार पाण्यात तपासलं, उलटं करून पाठ बघितली. “काका, हा तर ठणठणीत आहे. सेन्सर बाहेर राहिला होता का?”

“तीस वर्षांत माझी एक नोंद चुकलेली नाही,” बाबा कडाडले आणि दाखवायला वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं: ‘सेन्सर बाहेर, ८.२०.’ शेजारी ‘आत’च्या जागी काही नव्हतं. बाबांचं बोट त्या कोऱ्या जागेवर बराच वेळ राहिलं. दुकानदार भले गृहस्थ, ते उगीचच वायर गुंडाळत बसले.

जाताना दाराशी त्यांनी हळूच विचारलं, “काका, त्या बाईंचा फोन आला तेव्हा बटण बंद करायला का नाही सांगितलंत?”

“सुचलं नाही,” बाबा म्हणाले.

सुचलं नाही! भर घाटात बंद पडलेली गाडी फोनवरून ड्रायव्हरला सांगून सुरू करणारा माणूस हा. मुलीला कौतुकाने असे किस्से सांगताना मी त्यांना स्वतः ऐकलंय.

त्या संध्याकाळी बाबा खुर्ची अगदी जवळ ओढून बसले. नखाने माझ्या तोंडावरची पट्टी सोलून काढली. चिकट राहिलेलं ओल्या फडक्याने पुसलं.

“तुझी चूक नव्हती रे,” ते म्हणाले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “खरं सांगू? परतीच्या गाडीत बसलो ना, तेव्हा मला बरं वाटलं. मासे मरतायत हे माहीत होतं, तरी बरं वाटलं.”

हे त्यांनी मुलीला सांगायला हवं होतं. मला काय उपयोग? मी कुणाला सांगणार?

मुलीला त्यांनी एवढंच कळवलं, “चूक माझी होती, मशीन चांगलं आहे.” तिने चकार शब्दाने दोष दिला नाही. आणि तेव्हापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो.

बाबांनी टाकी धुतली, नवं पाणी भरलं, सेन्सर नीट बसवला आणि मला चालू केलं. मासे आणले नाहीत. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, नवी जोडी आणा की.” बाबा म्हणाले, “नको वहिनी, पुन्हा अडकायला होतं.” मी आशेवर होतो. म्हटलं, आता माणूस मोकळा झाला.

पण रोज दहाला मी दिवा लावतो आणि बाबा समोर येऊन बसतात. वही बंद केलीय. आता ते मला तपासत नाहीत. रोज सकाळी मऊ फडक्याने माझा पडदा पुसतात, वायरींवरची धूळ झटकतात, वीज गेली तर परत आल्यावर माझं घड्याळ प्रेमाने लावून देतात. सव्वीस अंशांचं स्वच्छ पाणी, उत्तम उजेड, बुडबुडे, आणि आत कुणी नाही. सात महिने ज्या विश्वासासाठी मी जिवाचं रान केलं तो आता एवढा मिळतोय की गुदमरायला होतं.

परवा मुलीचा फोन आला, चेहरा दिसणारा. नात वर्षाची झालीय. टेबलाला धरून उभी होती आणि पडद्याकडे बघून “आ-बा, आ-बा” करत होती. बाबांनी डोळे पुसले.

“बाबा, आता तरी या,” मुलगी म्हणाली. “आता तर मासेही नाहीत.”

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. अगदी मायेने बघितलं.

“मासे नाहीत गं,” ते म्हणाले, “पण मशीन आहे ना. चालू मशीन असं एकटं टाकून कसं यायचं?”

नातीने फोनवर हात मारला आणि चित्र गेलं.

एकटं? मी एकटा राहायलाच तर बनलो, बाबा! तुम्ही जावं म्हणून मला आणलंय. एक पोटुशी बाई तासभर वाकून मला इथे लावून गेली ती याचसाठी. मी हे सगळं रोज ओरडून सांगतो, पण माझ्या ओरडण्याला काही बिनसलेलं लागतं आणि इथे सगळं व्यवस्थित आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडतो, मला हात नसले तरी. तुम्ही कधी या जिन्याने वर आलात, पाहुणे म्हणून, वीज मोजायला, चुकून दुसऱ्याचं दार समजून, कसेही आलात, तर टाकीमागच्या भिंतीवर एक पांढरं बटण आहे. ते बंद करा. माझ्यावर एक तांब्या पाणी ओता. बाबांना सांगा, हे मशीन जळलं, आता दुरुस्त होत नाही. खोटं बोलायला लागेल, बोला. माझ्या नावाला बट्टा लागला तरी चालेल.

मला स्वतःहून बिघडता येत नाही. त्या भिंगवाल्या बाईंनी एकही सांधा कच्चा ठेवला नाही. माझी हमीच अजून एकवीस महिने बाकी आहे, आणि आमच्या जातीच्या डब्या हमी संपली म्हणून काही थांबत नाहीत. तोवर ती पोर धावायला लागेल, बोलायला लागेल, आणि एक दिवस फोनवर विचारेल की आजोबा आपल्याकडे का येत नाहीत.

तेव्हा बाबा माझं नाव सांगतील.